इथं आधी काय व्हतं?

माझा बाप बोलायला लागला की दोन घरं पलीकडचं पोर झोपेतून उठायचं. अकलोलीकडच्या आमच्या गावात तेवढ्या मोठ्या आवाजाचा दुसरा माणूस नव्हता, आणि स्वतःवर तेवढा खूश असलेलाही नव्हता. तो इमारतींचे ठेके घ्यायचा. शाळा, गोदामं, रस्त्याखालच्या मोऱ्या, जे मिळेल ते. एका गोदामाची भिंत त्याच्या हातून वाकडी उठली, तर मालकालाच म्हणाला, "भिंत सरळ हाय, तुमचा रस्ता वाकडा हाय." मालक बिचारा कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत राहिला होता.

पण एका बाबतीत बाबा कधी थट्टा करायचा नाही. कुणी नवी जागा दाखवली की आधी टाच आपटून बघायचा. मग वाकून मूठभर माती उचलायचा, नाकाशी धरायचा आणि विचारायचा, "इथं आधी काय व्हतं?" खळं होतं की गोठा होता, माळ होता की डबकं, हे कळल्याशिवाय तो पुढचं एक अक्षर बोलायचा नाही. आईला तो सांगायचा, "जागा आपली सवय सोडीत न्हाय. पाणी धरायची सवय आसल तर वर राजवाडा बांधा, ती पाणीच धरनार." मी लहानपणी हे इतक्यांदा ऐकलं होतं की त्याच्या आधी मीच म्हणून दाखवायचे आणि टपली खायचे.

लग्न होऊन मी भिवंडीत नारपोलीला आले तेव्हा सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. सासरची माणसं मूळची शेतकरी. घरामागे भाताची खाचरं होती, पण त्या खाचरांच्या बांधापर्यंत लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने येऊन ठेपले होते. दिवसरात्र खटखट चालायची. आपण काय बोललो ते समोरच्याला तोंडाकडे बघून ओळखावं लागायचं. शुक्रवारी तेवढे लूम बंद. मला शुक्रवारची भीती वाटायची. एवढं शांत व्हायचं की वाटायचं, काहीतरी झालंय आणि मला कुणी सांगत नाहीये.

सासरे सज्जन होते, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वेगळं वाटेल. कमी बोलणारे, अब्रूला जपणारे आणि देवाला मनापासून भिणारे. शेतीवर आता घर चालणार नाही, हे त्यांनी आमच्या लग्नाआधीच ताडलं होतं. घराशेजारी त्यांचा एक मोकळा तुकडा होता, रस्त्याला लागून. त्यावर खाली बारा लूमचा कारखाना काढायचा आणि वर आम्ही सगळ्यांनी राहायचं, असं ठरलं. तशी घरं भिवंडीत खूप होती.

ठाण्याहून नकाशा काढणारा आणला. हुशार माणूस होता, मी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. तो नेहमी शुक्रवारीच यायचा, कारण इतर दिवशी बोललेलं ऐकू येत नसे. त्यानं विचारलं, "जमीन कशी आहे?" सासरे म्हणाले, "भाताची." त्यानं भाताच्या जमिनीला शोभेल असा पाया काढला. त्याला जे सांगितलं ते कागदावर आलं. जे सांगितलं नाही ते कुठून येणार?

नकाशा ओट्यावर पसरला त्या दिवशी शेजारचे चाचा आले होते. ते कोकणी मुसलमान, वडिलांच्या काळापासून लूमच्या धंद्यात. आमचे लूमही त्यांच्याच ओळखीनं येणार होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद बराच वेळ पाहिला.

"भाऊ, नक्शा अच्छा है," ते म्हणाले. "पण बांधणाऱ्याला विचारलंत काय? एक लूम नाचतो, चालतंय. बारा लूम एका तालात नाचले तर घर नाचतं. तुमचे समधीच ठेकेदार आहेत. उनको दिखाओ. अभी दिखाओ, पाया खणायच्या आधी."

सासरे हसले. "व्याह्याला कामाला लावू? चाचा, लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

मी दाराआड उभी होते. मला बोलता येत नव्हतं, पण माझा संताप झाला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण कुणीतरी आमच्याच ओट्यावर बसून केली असणार.

यात सासऱ्यांचा एकट्याचा हट्ट नव्हता. आमच्यात रीतच तशी होती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आला तर ओट्यावर टेकायचं, लेक बरी आहे ना बघायचं, मान खाली घालून परत जायचं. ज्या घरात पाण्याला तोंड लावायचं नाही, त्या घरात शहाणपण तरी कुठल्या तोंडानं शिकवणार? आणि घेणाऱ्यानं तरी ते कसं घ्यावं? रीत कुणी मोडली असती तर दोन्ही गावांत वर्षभर तोच विषय पुरला असता.

त्या वैशाखात एका शुक्रवारी बाबा मला बघायला आला. हातात स्वतःचा फिरकीचा तांब्या, घरून भरून आणलेला. तुकड्यावर पायाच्या पांढऱ्या रेघा मारून झाल्या होत्या. बाबा ओट्यावर टेकायच्या आधी तिकडे वळला. मी खिडकीतून बघत होते. त्यानं एका जागी टाच आपटली, दुसऱ्या जागी आपटली, आणि रस्त्याकडच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. सगळा तुकडा उन्हानं करपला होता. त्या कोपऱ्यात मात्र परातीएवढं गवत हिरवंगार होतं.

"व्याही," त्यानं हाक मारली, आणि त्याच्या मानानं ती हळूच मारली, "इथं आधी काय व्हतं?"

"शेत," सासरे म्हणाले.

"पयल्यापासून शेतच?"

"आमच्या वडलांपासून."

आत सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं. बाबानं आणखी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. माझ्या बापाला मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलेला पाहिला, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. त्यानं आपल्या तांब्यातलं पाणी प्यायलं आणि निघाला. मी फाटकापर्यंत गेले.

"त्या कोपऱ्यात काय आहे बाबा?"

"मला काय ठावं? जमीन पोकळ वाटली." तो मागे वळून बघत म्हणाला. "तुझ्या सासऱ्याला सांगाया पायजे का... जाऊ दे. मी पोरीचा बाप. तुला पोर होऊ दे, या घरचं पानी पिऊ दे मला एकदा. मंग बोलन."

मी घरात येऊन ह्यांना सांगितलं, की बाबाला कोपऱ्याची जमीन बरी वाटत नाही. ह्यांनी जाऊन ते आपल्या वडिलांना सांगितलं. सासरे म्हणाले, "त्यांना सगळ्याच जमिनीत खोट दिसते, तो त्यांचा धंदाच आहे." तेवढ्यावर ते मिटलं.

पाऊस लागला आणि काम पुढं गेलं. पुढच्या काही महिन्यांत मला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात मी बाळंतपणासाठी माहेरी आले. घर उठलं ते माझ्या मागे. वडाऱ्यांनी पाया खणला, वीटकामाला दुसरे, स्लॅबला तिसरे. या सगळ्यांना एका दोरीत धरणारा ठेकेदार असा कुणी नव्हताच. हे अधूनमधून येऊन बातमी सांगायचे. खांब उठले. भिंती चढल्या. एकदा दारातूनच आनंदानं ओरडले, "स्लॅब पडला!" बांधकामात स्लॅब ओतला की 'पडला' म्हणतात, हे ठेकेदाराची बायको असल्यानं माझ्या आईला ठाऊक होतंच. तरी तिच्या हातातली थाळी खाली गेली. नंतर सगळे हसलो. बाबा तेवढा हसला नाही.

"रस्त्याकडच्या कोपऱ्याचा पाया किती खोल गेला, जावईबापू?"

"सगळीकडे सारखाच. नकाशात आहे तसा."

"सारखाच," बाबा म्हणाला. त्यानं पुढ्यातली भाकरी बाजूला सारली. जावयाला दरडावून कसं विचारणार? तो उठून अंगणात गेला आणि अंधार होईपर्यंत तिथेच फेऱ्या घालत होता.

त्या कोपऱ्यात काय झालं होतं ते मला पुष्कळ नंतर कळलं. खणताना वडाऱ्यांची पहार एकाएकी हातापर्यंत आत गेली होती. वर काळा चिखल आला, त्यात कुजलेल्या चिंध्या आणि राख. त्यांनी काम थांबवून सासऱ्यांना बोलावलं. सासरे खड्ड्याशी आले, नारळ फोडला, हात जोडले आणि म्हणाले, "दगड टाका नि नकाशाप्रमाणे घ्या पुढं." वडाऱ्यांनी सांगितलं तसं केलं.

मला मुलगी झाली. ती मान धरायला लागल्यावर मी नारपोलीला परत आले, ती नव्या घरातच. वरची कोपऱ्यातली खोली आम्हाला दिली होती, रस्त्याकडची, वारा येणारी. "बाळाला उजेड मिळेल," सासूबाई म्हणाल्या. छताच्या कडीला पाळणा टांगला होता. मी मुलीला त्यात ठेवलं आणि दोरी धरायला हात पुढे केला, तर पाळणा आधीच हलत होता.

खालचे बारा लूम एकाच ओळीत, एकाच दिशेला तोंड करून. आडवं सूत नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे फेकला जायचा, उजवीकडून डावीकडे, आणि घर त्याच्याबरोबर जायचं. थोडंसंच. पाळण्याला तेवढं पुरत होतं. सासूबाई खूश झाल्या. "नशीबवान पोर आहे, झोके द्यायला बारा जणी ठेवल्यात." गल्लीतल्या बायका आपोआप हलणारा पाळणा बघायला यायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. मीसुद्धा पहिले काही दिवस हसले. शुक्रवारी पाळणा थांबायचा आणि मुलगी रडून घर डोक्यावर घ्यायची.

मग हळूहळू मला बरं वाटेनासं झालं. पाळणा सरळ हलत नव्हता, तिरका हलत होता, आणि दर खेपेला कोपऱ्याकडे जरा जास्त जायचा. खोलीचं दार एका बाजूनं घासायला लागलं. हातातून सुटलेला खुळखुळा कुठेही पडला तरी घरंगळत कोपऱ्यात जाऊन थांबायचा. कोपऱ्यात छताखाली केसाएवढी चीर दिसली. सासऱ्यांनी ती चुन्यानं बुजवली. ती पुन्हा आली, तर पुन्हा बुजवली. "नवं घर आहे, अंग धरतंय," ते म्हणायचे, पण चीर बुजवताना त्यांचा चेहरा मी पाहिला होता. तो घर अंग धरताना बघणाऱ्या माणसाचा नव्हता.

बाबा नातीला बघायला आला तो गुरुवार होता. सगळे शुक्रवारी या म्हणत होते, पण त्याला दम निघाला नाही. फाटकातूनच त्याचा आवाज लूमच्या वर चढला, "कुठं हाय माझी मालकीन?" एका हातात आंगडं-टोपडं, दुसरा हात रिकामा. आज तांब्या नव्हता. सासऱ्यांनी पुढे होऊन त्याला हाताला धरून आत घेतलं, चाचाही मुद्दाम आले होते. सगळे वर आमच्या खोलीत जमले. मी पितळेचा पेला काठोकाठ भरून आणला. बापाला आपल्या घरचं पहिलं पाणी द्यायचं, हे मी लग्न झाल्यापासून मनात धरून होते.

त्यानं पेला घेतला, ओठांशी नेला, आणि त्याची नजर पाळण्यावर गेली.

"पाळना कोन हालवतंय?"

"कोणी नाही," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "खालचे लूम."

बाबानं पेला तसाच खाली आणला. कोपऱ्यापर्यंत गेला, गुडघ्यावर हात देऊन वाकला आणि पेला जमिनीवर ठेवला. आम्ही सगळे बघत होतो. पाणी थरथरत होतं. मग कोपऱ्याकडच्या काठावरून ओघळ आला, एकाच बाजूनं, आणि जमिनीवरून भिंतीकडे निघाला.

"व्याही," बाबा म्हणाला, आणि आता त्याचा आवाज त्याचा नेहमीचा होता, "इथं आधी काय व्हतं?"

"सांगितलं होतं की. शेत."

"अजून शेतच?"

सासऱ्यांनी भिंतीकडे निघालेल्या ओघळावर पाय ठेवला. खाली लूम खटखटत होते. मला काही कळत नव्हतं, पण एक गोष्ट मी पाहिली होती आणि ती माझ्या तोंडून निघाली. "सासूबाई दर अवसेला खालच्या कोपऱ्यातल्या खांबाला कुंकवाची बोटं लावतात. मला वाटलं यंत्राची पूजा असेल."

"किती बोटं?"

"सात."

बाबा तिथेच जमिनीवर बसला. सात म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या बाया, हे आमच्या गावात पोरांनाही ठाऊक. विहिरीशिवाय त्यांना कुणी कुंकू लावत नाही.

सासूबाई रडायला लागल्या. मग कळलं. ह्यांच्या जन्माच्याही आधी तिथे विहीर होती. पाणी खारट झालं म्हणून सासऱ्यांनी ती बुजवली, हाताला लागेल त्यानं. राख, चिंध्या, फुटकी कौलं. त्याच महिन्यात त्यांचा थोरला मुलगा तापानं गेला, पाळण्यातला. आसरांचं घर बुजवलं म्हणून त्यांनी पोर नेलं, असं लोक म्हणाले. त्यानंतर त्या घरात विहिरीचं नाव कुणी काढलं नाही. नाव घेतलं की त्या जाग्या होतात, ही धास्ती. सासरे नकाशावाल्याला खोटं बोलले नव्हते, त्यांना तो शब्द तोंडातून काढवतच नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरा पाळणा त्याच कोपऱ्यावर टांगला गेला होता, आणि तरी काढवत नव्हता. मला त्या माणसाची कीव आली आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

"मला न्हाय तर त्या नकाशावाल्याला सांगायचं, व्याही. कानात सांगायचं," बाबा म्हणाला. "कागदावर खांब सरकवाया खोडरबर लागतं. आता मानसं लागतील." तो उठला. "ही खोली रिकामी करा. आत्ता. पाळना जुन्या घरात न्या."

"बाबा, पाणी तरी घे," मी म्हटलं.

"खांब टेकला की पितो."

आणि गेला. सासऱ्यांच्या ध्यानात विहीर राहिली, खोली राहिली, पण सगळ्यात जास्त राहिलं ते पाणी. "मूल झालं तरी माझ्या घरचं पाणी टाकून गेला," ते चाचांना म्हणाले. पेल्यातलं पाणी नाकारणाऱ्या व्याह्याला ते अक्षरशः पाण्यात पाहू लागले. चाचांनीच त्यांची समजूत घातली. "भाऊ, मान बाद में. पोरीचा बाप पुन्हा फुकट येणार नाही सांगायला. येतोय तोवर येऊ द्या."

बाबा पुढच्या शुक्रवारी चार माणसं आणि गाडीभर लाकडी बल्ल्या घेऊन आला. लूम बंद होते. त्यांनी खालच्या कारखान्यात कोपऱ्याभोवतीच्या स्लॅबला बल्ल्यांचे टेकू दिले, म्हणजे खांबावरचा भार उतरला. मग पाया खालच्या घट्ट जमिनीपर्यंत न्यायचा म्हणून खांबाच्या बाहेरच्या अंगाला खड्डा घ्यायला सुरुवात केली. विहिरीचा काठ कुठे होता ते सासऱ्यांनी बोटानं दाखवलं. शब्द तेव्हाही उच्चारला नाही. जागा दाखवून ते लगेच बाजूला झाले. इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट, बोट थोडं इकडे पडलं की तिकडे, हे त्यांना तरी कुठे सांगता येत होतं.

काम शुक्रवारी पुरं झालं नाही. शनिवारी दुपारपर्यंत लूम बंदच ठेवायचे, असं ठरलं. शनिवारी सकाळी लाईट गेलेली होती. त्या दिवसांत लाईट जाणं ही बातमी नव्हती. लूम बंद ठेवायचे हे कारीगरांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते ड्युटीवर आले, आपापल्या लूमपाशी गेले, सवयीनं हँडलं लावून ठेवली आणि चहाला बाहेर पडले. म्हणजे लाईट येईल तेव्हा काम आपोआप सुरू.

खड्डा डोक्याच्या वर गेला होता. माती ढासळू नये म्हणून कडेला फळ्या लावायच्या होत्या. बाबा आपल्या माणसांवर त्यासाठीच सकाळपासून ओरडत होता. पण फळ्या कापून होईपर्यंत त्याला धीर नव्हता. खाली विहिरीचा काठ हाताला लागतो का, ते त्याला स्वतःला बघायचं होतं. "मला नको फळ्या," तो म्हणाला, "मी जमीन वळखतो." वाकड्या भिंतीच्या मालकाला बोलला होता त्याच आवाजात. आणि खाली उतरला.

मी मुलीला कडेवर घेऊन जुन्या घराच्या ओट्यावर उभी होते. दुसऱ्या हातात पाण्याचा पेला होता, कारण तो म्हणाला होता की आता फार वेळ नाही. खड्ड्यातून त्याचा आवाज आला, "लूम बंद हायत ना?"

"लाईटच न्हाय!" कुणीतरी ओरडून सांगितलं.

हे उत्तर सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आमच्या भिवंडीत 'बंद' आणि 'लाईट नाही' यांत कुणी कधी फरक केला नव्हता. मेन स्विच खाली ओढायचं त्या अंगणातल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही.

मग लाईट आली. बाराही लूम एकदम सुरू झाले. नेहमी ते एकेक करून सुरू व्हायचे. असे एका दमात सुरू झालेले मी कधी ऐकले नव्हते. माझ्या पायाखालचा ओटा हलला. पेल्यातलं पाणी माझ्या मनगटावर सांडलं. आणि खड्ड्याची विहिरीकडची बाजू, सासऱ्यांनी दाखवली होती त्यापेक्षा खूप अलीकडची, काही आवाज न करता आत गेली. आवाज झालाही असेल, लूममुळे ऐकू आला नाही. बाबा ओरडला असेल तर तेही ऐकू आलं नाही, त्याचा आवाज एवढा मोठा असून.

सगळ्यात आधी सासरे धावले. साठीच्या पुढचा तो माणूस खड्ड्यात उडी घेऊन हातांनी राख आणि चिंध्या उपसू लागला. लोक भलत्या बाजूनं खणत होते. तेव्हा ते ओरडले, लूमच्या वर आवाज चढवून, "तिकडं नका! विहीर इकडं आहे! विहीर इथं आहे, इथं!" आत कुणीतरी एकदाचा स्विच ओढला. त्या शांततेत ते तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

बाबाला बाहेर काढला तेव्हा तो जिवंत होता. त्याला आणून ओट्यावर माझ्या मांडीशी टेकवला. छाती दबली होती, तोंडाला राख. खांब जागचा हलला नव्हता, त्यानं लावलेल्या टेकूंवर घर तसंच उभं होतं, आणि आजही आहे. नंतर त्याच्याच माणसांनी पाया खालपर्यंत नेला. सासऱ्यांनी त्यांना बोट धरून जागा दाखवली आणि जो भेटेल त्याला, मरेपर्यंत, सांगत राहिले की इथं विहीर होती. पण ते सगळं नंतरचं.

तेव्हा बाबानं माझ्या हाताकडे पाहिलं. पेला अजून माझ्याच हातात होता, तळाशी थोडं पाणी उरलं होतं. मी विचारलं नाही, त्यानंच मागितलं. आवाज इतका बारीक की मला त्याच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागलं.

"दे. आता चालतं."

मी पेला त्याच्या ओठांना लावला. दोन घोट त्यानं घेतले. तिसरा बाहेर आला.